चंद्रावरून इको येत नाही किंवा कमजोर येतो: १२९६ मेगाहर्ट्झच्या स्टेशनची तपासणी

ही पोस्ट मूनबाउन्स करणाऱ्या, म्हणजे चंद्रावर सिग्नल आपटवून परत आलेला त्याचा प्रतिध्वनी (इको) ऐकणाऱ्या हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींसाठी आहे. केबलवाल्याच्या गच्चीवरून उतरवलेली दहा फुटी जाळीची डिश, तिच्या तोंडाशी सेप्टम फीड (आत पायऱ्यांचा पडदा असलेली, डिशवर सिग्नल सोडणारी-गोळा करणारी नळी), ट्रान्सव्हर्टर (रेडिओची फ्रिक्वेन्सी १२९६ वर नेणारी-आणणारी पेटी) आणि दीड-दोनशे वॅटचा ॲम्प्लिफायर असा संच मी धरून चाललो आहे. आपल्याकडे १२९६ वर काम करणाऱ्यांचा संच साधारण असाच असतो. माझ्या आणि ओळखीतल्या इतरांच्या स्टेशनवर हे दुखणं पुन्हा पुन्हा निस्तरल्यावर एक गोष्ट ठाम झाली आहे: इको बसला की सगळे आधी ॲम्प्लिफायरकडे धावतात, आणि बहुतेक वेळा दोष असतो रिसीव्हच्या बाजूला, फीड आणि पहिल्या प्रीॲम्पच्या (आलेला अशक्त सिग्नल वाढवणाऱ्या पेटीच्या) मधल्या वीतभर अंतरात. म्हणून खालच्या क्रमात ॲम्प्लिफायर जवळजवळ शेवटी येतो.

लक्षणं

तक्रार सगळ्यांची एकच, "इको येत नाही". नीट विचारलं की त्यातून वेगवेगळी दुखणी निघतात.

– पॉवरमीटरवर पूर्ण पॉवर, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या पॉवरचं माप) ठीक, तरी डब्ल्यूएसजेटी-एक्स या सॉफ्टवेअरच्या इको मोडच्या पडद्यावर काहीच उमटत नाही.
– उन्हाळ्यात छान येत होता, पावसाळा सरला तेव्हा चार-पाच डेसिबलनी खाली बसलेला.
– चंद्र वर असताना येतो, उगवताना-मावळताना नाही.
– याच्या उलट: चंद्र अगदी डोक्यावर आला की काही वेळ गायब.
– पहिली काही मिनिटं येतो, मग हळूहळू विरतो.
– आकडा दर मिनिटाला वरखाली होतो.
– स्वतःचा इको खणखणीत, पण हाक मारली तर जगात कुणी उत्तर देत नाही.

वरखाली होणाऱ्या आकड्याने घाबरून जाऊ नका. चंद्र आपल्या दिशेने किंचित डुलत असतो, त्याच्या खडबडीत पृष्ठभागावरून येणारे असंख्य तुकडे कधी एकमेकांत मिळतात, कधी एकमेकांना मारतात. काही सेकंदांत दोन-तीन डेसिबलचा फरक हा दोष नव्हे. सरासरी घ्या, मगच बोला.

किती यायला हवा, ते आधी काढा

आकडा ठाऊक नसेल तर "कमजोर" या शब्दाला अर्थ नाही. १२९६ मेगाहर्ट्झला पृथ्वी-चंद्र-पृथ्वी या वाटेवर सरासरी २७१ डेसिबल खर्ची पडतात. त्यात चंद्र आलेल्या ऊर्जेपैकी सुमारे ७ टक्केच परत फेकतो हेही धरलेलं आहे. तीन मीटर डिशचा गेन साधारण २९.५ डेसिबल. फीडवर खरे २०० वॅट, म्हणजे ५३ डीबीएम (एका मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल) पोचले, तर परत येतात उणे १५९ डीबीएम. सिस्टीमचं नॉइज तापमान (एकूण खरखर, तापमानाच्या भाषेत मोजलेली) ८० केल्विन असेल तर अडीच किलोहर्ट्झच्या पट्ट्यात नॉइज उणे १४५.५ च्या आसपास. वजाबाकी केली की इको नॉइजच्या १३ डेसिबल खाली. डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या इको मोडमध्ये साधारण हाच आकडा दिसायला हवा. उणे १३ अपेक्षित असताना उणे १५ येत असेल तर घाई नको. उणे १९ येत असेल तर नक्की काहीतरी बिघडलं आहे.

इको मोड २.३ सेकंद सूर पाठवतो, मग ऐकतो, आणि सहा सेकंदांनी पुन्हा तेच. एकेका फेरीवर निकाल देऊ नका. फेऱ्या दुप्पट केल्या की सरासरीत सुमारे दीड डेसिबलचा फायदा होतो, दहा फेऱ्यांत, म्हणजे एका मिनिटात, पाचाचा. ही सरासरीची युक्ती या छंदाइतकीच जुनी आहे. जानेवारी १९४६ मध्ये अमेरिकन लष्कराच्या 'प्रोजेक्ट डायना'ने न्यू जर्सीतून १११.५ मेगाहर्ट्झवर चंद्राचा पहिला इको पकडला. महिन्याभरात हंगेरीत झोल्तान बाय यांनी त्याहून अशक्त साधनांवर तो पकडला, तोही एकेक इको न ऐकता बऱ्याच इकोंची बेरीज करून.

१. पंचांग उघडा

फुकटची तपासणी, म्हणून पहिली.

अमावस्या किंवा तिच्या अलीकडचा-पलीकडचा दिवस आहे का? आपल्या डिशचा झोत साडेपाच अंशांचा आहे. चंद्र सूर्यापासून तीन-चार अंशांवर असेल तर चंद्राकडे तोंड केलेली डिश सूर्यही ऐकते आणि नॉइज कितीतरी डेसिबलनी चढतो. स्टेशन निरोगी आहे, दिवस चुकीचा आहे.

चंद्राचं अंतरही बघा. जवळ असताना सुमारे ३,५६,५०० किलोमीटर, लांब असताना ४,०६,७००. एवढ्याने इकोत सव्वादोन डेसिबलचा फरक पडतो. गेल्या महिन्याचा आकडा जवळच्या चंद्राचा आणि आजचा लांबच्या चंद्राचा असेल, तर तुमच्या "बिघाडा"तला अर्धा भाग इथेच संपला.

१४४ मेगाहर्ट्झवाल्यांनी नक्षत्रसुद्धा पाहावं. चंद्र ज्येष्ठा-मूळ-पूर्वाषाढा भागात असतो तेव्हा त्याच्या मागे आकाशगंगेचा गाभा असतो आणि त्या बँडवर आकाशाचा नॉइज हजारो केल्विनवर जातो. मघा-पूर्वा फाल्गुनीत आकाश थंड असतं. १२९६ वर हा परिणाम थोडाच जाणवतो, पण तुलना करायची तर दोन्ही वेळा थंड आकाशाची मोजमापं घ्या.

२. संगणक आणि रेडिओ

इथे पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

एजीसी (रेडिओचा आपोआप गेन बदलणारा भाग) बंद आहे का? ताकद मोजताना एजीसी चालू असणं म्हणजे मोजपट्टी रबराची असणं. नॉइज वाढला की रेडिओ गुपचूप गेन कमी करतो आणि सूर्य असो की थंड आकाश, मीटरवर तेवढाच आकडा दिसतो. नॉइज ब्लँकर, नॉइज रिडक्शन आणि विंडोजमधली आवाज 'सुधारणारी' सेटिंग्जही बंद करा. रेडिओचा एस-मीटर या कामाचा नाही. ऑडिओची पातळी सॉफ्टवेअरमध्ये मोजा.

वेळ आणि लोकेटर (हॅम मंडळींचा जागेचा कोड). सॉफ्टवेअर या दोन्हींवरून चंद्राची दिशा आणि डॉपलर (हालचालीमुळे इकोची फ्रिक्वेन्सी सरकणं) काढतं. घड्याळ इंटरनेटवरून जुळलेलं हवं. पुण्याचा लोकेटर एमके६८, नागपूरचा एमएल९१. पुढची दोन अक्षरंही भरा. गाव बदललं आणि लोकेटर जुनाच राहिला, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

डॉपलरकडे आपण विशेष लक्ष द्यायला हवं. आपण विषुववृत्ताजवळ असल्याने पृथ्वीच्या फिरण्याने मिळणारा वेग मोठा. महाराष्ट्रातून चंद्र उगवताना इको साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत वर सरकतो आणि मावळताना तेवढाच खाली. नेदरलँड्ससारख्या ठिकाणी हाच सरकाव सव्वादोन-अडीचच्या घरात राहतो, त्यामुळे तिकडची सेटिंग्ज जशीच्या तशी उचलली की फसायला होतं. साइडबँड फिल्टर २७०० हर्ट्झला संपतो. १५०० वर पाठवलेला सूर ५००० वर परत येत असेल तर तो फिल्टरच्या बाहेर आहे, रेडिओला तो दिसणारच नाही. "चंद्र वर असताना येतो, उगवताना नाही" याचं सगळ्यात साधं कारण हेच. डॉपलर ट्रॅकिंग चालू करा आणि रेडिओ खरंच सरकतोय का ते डायलवर डोळ्यांनी पाहा. तरीही येत नसेल तर क्षितिजावरची इमारत किंवा झोतात घुसणारी गरम जमीन हे कारण. चंद्र दहा-बारा अंश वर येईपर्यंत थांबा.

३. सावली

डिश चंद्राकडे आहे असं कंट्रोलर सांगतो, पण कंट्रोलरवर विश्वास ठेवण्याआधी सूर्याला विचारा. निरभ्र दिवशी डिश सूर्यावर लावा आणि फीडची सावली कुठे पडते ते बघा. ती डिशच्या बरोबर मध्यावर, मधल्या तबकडीच्या बोल्टांवर गोल बसली पाहिजे. मग रिसीव्हरचा नॉइज बघत डिश डावी-उजवी, वर-खाली अर्धा-अर्धा अंश हलवा. नॉइज सर्वात जास्त असताना सावलीही मध्यावरच हवी. सावली मध्यावर आणि नॉइजचं टोक दीड अंश बाजूला, असं झालं तर फीड मध्यापासून सरकला आहे. तीन पायांपैकी एखाद्याचा क्लॅम्प ढिला झालेला असतो, किंवा कुणीतरी त्याला धरून शिडीवरून उतरलेलं असतं.

हे महत्त्वाचं अशासाठी की दिशेची चूक दोनदा भरावी लागते, जाताना आणि येताना. एक अंश चुकला तर एकूण ०.८ डेसिबल. दोन अंशांना तीनच्या वर.

होकायंत्राने शून्य लावलं असेल तर आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे. तरी आकडा चुकतोच, कारण होकायंत्र लोखंडी खांबाशेजारी धरलेलं असतं. सूर्यानेच लावा.

आता डोक्यावरच्या चंद्राची गोष्ट. आपल्या अक्षांशावर तो अधूनमधून जवळजवळ खस्वस्तिकातून जातो. तेव्हा उंची ९० अंशांच्या जवळ आणि दिगंश (क्षितिजावरची दिशा) काही मिनिटांत पूर्वेकडून पश्चिमेला उलटतो. दोन अक्षांचा साधा रोटेटर त्या वेगाने फिरूच शकत नाही. ८५ अंशांच्या वर इको जात असेल आणि थोड्या वेळाने आपोआप परत येत असेल तर काहीही उघडू नका.

४. सूर्याचा आकडा: इथे वाट फुटते

सगळ्या तपासणीत मला सर्वात मोलाची वाटते ती ही. इकोत पाठवणं आणि ऐकणं दोन्ही मिसळलेलं असतं, म्हणून नुसता इको पाहून दोष कुठल्या बाजूला आहे ते कळत नाही. सूर्याला मात्र तुमच्या ॲम्प्लिफायरची गरज नाही.

डिश सूर्यावर लावून नॉइज नोंदवा. मग त्याच उंचीवर तीस-चाळीस अंश बाजूला, मोकळ्या आकाशावर लावून नोंदवा. फरक डेसिबलमध्ये. तीन मीटर डिशला निरोगी स्टेशनवर तो १० ते १३ च्या दरम्यान यावा. सूर्य किती तापलेला आहे त्यावर आकडा हलतो, म्हणून त्या दिवसाचा सौर फ्लक्स (सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ ऊर्जेचं माप) बघा. कॅनडातल्या पेंटिक्टनचा प्रसिद्ध आकडा २८०० मेगाहर्ट्झचा असतो. ऑस्ट्रेलियातल्या लियरमंथचा १४१५ मेगाहर्ट्झचा आकडा आपल्याला जास्त जवळचा.

दुसरं मोजमाप थंड आकाश आणि जमिनीचं. डिश खाली झुकत नसेल तर झोत पूर्ण भरून टाकणारी टेकडी किंवा जवळची मोठी भिंत चालेल. फरक ५ ते ६ डेसिबल यायला हवा. तीनच आला तर रिसीव्हची बाजू सुमारे २०० केल्विनचा नॉइज स्वतःच तयार करते आहे.

चंद्राचा स्वतःचा नॉइज शोधत बसू नका. एवढ्या डिशला तो डेसिबलच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो.

सूर्य आणि जमीन दोन्ही ठीक आले तर पाचवी पायरी सोडून सहावीकडे जा. दोन्ही कमी असतील तर ॲम्प्लिफायरला हात लावू नका, फीडकडे जा. जमीन ठीक पण सूर्य कमी असेल तर प्रीॲम्प निर्दोष आहे, डिशचा आकार किंवा फीडची जागा बिघडली आहे.

५. फीड, कनेक्टर, रिले, प्रीॲम्प

वर चढण्याआधी ॲम्प्लिफायरचा मेन स्विच बंद करून त्याची वायर काढून ठेवा. नुसतं पीटीटी (पाठवण्याचं बटण) सोडणं पुरेसं नाही. फीडपाशी तोंड नेण्याच्या बाबतीत या नियमाला अपवाद नाही.

आधी फीडच्या आत बॅटरी मारून बघा. कुंभारीण माशीला असं कोरडं, एका टोकाला बंद असलेलं भोक फार आवडतं. सेप्टमच्या पायऱ्यांवर चिकटलेलं बोटभर मातीचं घर मी कितीतरी फीडमधून काढलं आहे. सुकलेल्या मातीने फारसं बिघडत नाही, पण पावसाळ्यात ती ओल धरते आणि नेमकी प्रोबच्या (फीडमधल्या सिग्नलच्या पिनच्या) शेजारी असली तर सिग्नल खाते. लाकडी काडीने हळूच काढा, स्क्रूड्रायव्हरने नको. प्रोब वाकला तर मॅचिंग गेलं. मग तोंडावर पातळ प्लास्टिकचं झाकण बसवा, तळाशी पाणी निथळायला बारीक भोक ठेवून.

मग कनेक्टर. एन-कनेक्टर उघडून मधली पिन बघा. चकचकीत हवी. हिरवट किंवा काळपट असेल, किंवा केबलची जाळी तपकिरी पडली असेल, तर पाणी आत गेलं आहे. ती केबल कापून पुढून नवीन कनेक्टर लावून भागत नाही, कारण पाणी जाळीतून बरंच आत ओढलं जातं. केबल बदला. नवीन जोडावर ताणून चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळा आणि तिच्यावर साधी टेप.

प्रीॲम्पच्या आधीच्या अर्ध्या डेसिबलचा हिशोब बघा. त्याने सुमारे ३५ केल्विन नॉइज वाढतो. ८० चे ११५ झाले, म्हणजे ऐकण्यात दीड डेसिबलचं नुकसान. प्रीॲम्पच्या नंतर हाच अर्धा डेसिबल गेला तर कळतही नाही. म्हणून प्रीॲम्प फीडलाच लागून हवा आणि मध्ये ॲडाप्टरांची माळ नको.

रिले (पाठवणं-ऐकणं बदलणारा स्विच) जुना असेल तर त्याचे संपर्क झिजलेले असतात. दहा-वीस वेळा चालू-बंद करून प्रत्येक वेळी नॉइज सारखाच येतो का बघा. एखाद्या वेळी वेगळा आला तर रिले बदलायचा.

प्रीॲम्पचं दुखणं फसवं असतं. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की आतला ट्रान्झिस्टर अर्धवट मरतो: गेन जवळपास तोच, नॉइज मात्र कितीतरी वाढलेला. मीटरवर "चालू" दिसतो म्हणून त्याच्यावर संशय जात नाही. एक चांगला प्रीॲम्प कपाटात राखून ठेवा आणि बदलून जमिनीचं मोजमाप पुन्हा घ्या. याहून खात्रीची घरगुती चाचणी नाही.

सगळं बदलूनही नॉइज एकाच दिशेला चढलेला राहिला तर बाहेरचा उपद्रव धरा. मोबाइल टॉवर प्रीॲम्पला झाकोळतो, त्यावर पहिल्या प्रीॲम्पनंतर फिल्टर हा उपाय. सोलर इन्व्हर्टर आणि एलईडीचे ड्रायव्हर बंद करून बघा.

६. सेप्टमची दोन दारं

वर्तुळाकार ध्रुवीकरण (लहरीचं उजवीकडे किंवा डावीकडे फिरत जाणं) चंद्रावर आपटून उलटं होतं: उजवं गेलं तर डावं परत येतं. सेप्टम फीडला म्हणून दोन पोर्ट असतात, एक पाठवायला, दुसरा ऐकायला. दोन्ही कामं एकाच पोर्टवर झाली तर स्वतःचा इको वीसेक डेसिबलनी गाडला जातो.

त्याहून चकवणारी अवस्था म्हणजे दोन्ही केबल अदलाबदल झालेल्या असणं. तेव्हा स्वतःचा इको उत्तम येतो, कारण उलट्याचं उलट तुम्हालाच जुळतं. पण जग १२९६ वर आकाशात उजवं पाठवतं आणि डावं ऐकतं. तुम्ही सगळ्यांसाठी चुकीच्या दारात उभे आहात. तपासायला हातभर हेलिक्स अँटेना पुरते. तारेची गुंडाळी साध्या स्क्रूच्या आट्यांच्या दिशेने असेल तर ती उजवी. थोड्या अंतरावरून फीडच्या तोंडाकडे धरून किरकोळ पॉवर द्या. डिशवर आपटताना दिशा एकदा उलटते हे लक्षात घेतलं, तर ती ज्या पोर्टवर जोरात येते तो ऐकण्याचा पोर्ट.

उत्तर न मिळण्याचं दुसरं कारण फ्रिक्वेन्सी. दशलक्षात एक भाग चुकलं तरी १२९६ वर १.३ किलोहर्ट्झ होतात. एप्रिलच्या उन्हात गच्चीवरचा ट्रान्सव्हर्टर सहज तेवढा सरकतो. स्वतःच्या इकोत हे दिसत नाही, कारण पाठवणं-ऐकणं एकाच ऑसिलेटरवर आहे. जीपीएसवर बांधलेला १० मेगाहर्ट्झचा संदर्भ द्या.

७. पाठवण्याची बाजू

आता ॲम्प्लिफायर. पॉवर खोलीत नाही, फीडच्या टोकाला मोजा, आणि चांगल्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणाऱ्या भारावर). आरजी-२१३ च्या दहा मीटर केबलमध्ये १२९६ ला जवळजवळ निम्मी पॉवर उष्णता होऊन जाते. मीटर त्या बँडसाठीच बनलेला हवा, एचएफचा (३० मेगाहर्ट्झच्या खालचा) मीटर इथे काहीही दाखवतो.

इको हळूहळू विरत असेल तर ट्रान्समिट चालू असताना ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा. लांब, बारीक वायरमुळे २८ चे २४ होतात. पंखा आणि हीटसिंक नंतर बघा. सिक्वेन्सरचा (रिले आणि पॉवर एकामागून एक चालू करणाऱ्या सर्किटचा) क्रमही पाहा: आधी रिले फिरायला हवा, पॉवर त्यानंतर. उलटं झालं तर एका फटक्यात प्रीॲम्प जातो, आणि तुम्ही पुन्हा पाचव्या पायरीवर येता.

इथे थांबा

ट्यूबचा ॲम्प्लिफायर असेल तर झाकण उघडू नका. आत किलोव्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात. ज्याने हे काम हाताने केलं आहे अशा तंत्रज्ञाकडे द्या. ट्रान्झिस्टरवाल्यात फ्यूज, पंखा आणि वायर इतकंच आपलं. बायस आणि ट्रान्झिस्टर बदलणं नाही.

डिशचा खांब हलतोय, वेल्डिंगला तडा दिसतोय किंवा गच्चीच्या स्लॅबला पायाशी चीर आहे, तर त्या दिवसापासून प्रयोग बंद, डिश आडवी करून बांधून ठेवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. वाऱ्यात दहा फुटी डिश किती जोर घेते याचा अंदाज डोळ्यांनी येत नाही. विजेच्या तारेच्या आवाक्यात काम असेल तर वीज कंपनीकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय शिडी लावू नका.

प्रीॲम्प बदलला, केबल बदलली, तरी जमिनीचा फरक चारच्या वर जात नाही: इथून पुढे नॉइज फिगर मीटर आणि नेटवर्क ॲनालायझर लागतो. तो ज्या प्रयोगशाळेत किंवा इंजिनिअरिंग कॉलेजात आहे तिथे फीड, रिले आणि प्रीॲम्प एकत्र जोडलेले घेऊन जा, सुटे नाहीत. बाहेरचा उपद्रव परवानाधारक सेवेचा निघाला तर फिल्टर लावण्यापलीकडे स्वतः काही करू नका, दिशा, वेळ आणि फ्रिक्वेन्सी लिहून डब्ल्यूपीसीकडे (केंद्र सरकारच्या वायरलेस परवाना विभागाकडे) तक्रार द्या.

कुणाकडेही मदत मागताना एवढं सोबत द्या: तारीख-वेळ, चंद्राची उंची आणि अंतर, सूर्याचा फरक आणि त्या दिवसाचा फ्लक्स, जमिनीचा फरक, फीडवर मोजलेली पॉवर, आणि किमान पन्नास फेऱ्यांची इकोची सरासरी.